शोधयंत्रातील नाव आणि पेढीची पत : वाशिम जिल्ह्यातील नामसाम्याचा विचार

पूर्वी वऱ्हाडातील पेढीची पत आडत्याच्या बोलण्यावरून आणि हुंडी वटविण्याच्या तत्परतेवरून ठरत असे. आता परगावचे गिऱ्हाईक पेढीची पायरी चढण्यापूर्वी शोधयंत्रात तिचे नाव घालून पाहते आणि पहिल्या पडद्यावर जे दिसेल त्यावरून मत बनविते. या नव्या पतीची चर्चा बहुधा प्रतिकूल अभिप्रायांपुरतीच होते. वाशिम जिल्ह्यात मात्र त्याआधीची एक अडचण आहे, ती नामसाम्याची.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. त्यांपैकी दोहोंच्या नावांची गावे अन्यत्रही प्रसिद्ध आहेत. कारंजा (लाड) येथे आहे, तसे कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात आहे. मालेगावची गोष्ट अधिक गंभीर होय. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव यंत्रमागांमुळे सर्वश्रुत आहे, आणि २००६ व २००८ सालच्या बॉम्बस्फोटांमुळे त्याचे नाव वृत्तपत्रांत वारंवार आले. वाशिमच्या मालेगावातील व्यापाऱ्याचा या कशाशीही संबंध नाही. परंतु नुसते ‘मालेगाव’ लिहून शोध घेणाऱ्यास प्रथम तेच दिसण्याचा संभव अधिक.

याचे कारण शोधयंत्राच्या रचनेत आहे. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार एखाद्या पृष्ठाचे महत्त्व त्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून, आणि दुवा देणाऱ्या पृष्ठाच्या वजनावरून ठरते. (वाशिम जिल्हा आणि गूगल कंपनी ही एकाच वर्षाची अपत्ये, हा योगायोग मौजेचा खरा.) पुढे या गणितात इतर अनेक निकषांची भर पडली, शोध घेणारा कोठे बसला आहे, हा त्यांतील एक. येथेच व्यापाऱ्याची फसगत होते. तो आपल्या दुकानात बसून शोध घेतो, स्वतःचे दुकान अग्रभागी पाहतो आणि निश्चिंत होतो. पुण्याच्या किंवा इंदूरच्या खरेदीदारास तोच क्रम दिसेल असे नाही.

म्हणून पेढीचे नाव सर्वत्र एकाच रूपात असणे ही पहिली गरज होय. नागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत वर्णलेखन ठरलेले असावे. ‘मालेगाव (जहांगीर), जि. वाशिम’ असा पूर्ण निर्देश, तोच दूरध्वनी क्रमांक व पिनकोड पाटीवर, पावतीवर आणि नकाशावरील नोंदीत यावा. वाशिमचा पिनकोड ४४४ ने सुरू होतो, नाशिकच्या मालेगावचा ४२३ ने. एवढ्या फरकानेही यंत्रास दोन गावे वेगळी ओळखण्यास साहाय्य होते. नामसाम्यामुळे दुसऱ्याच दुकानाविषयीचा अभिप्राय आपल्या नोंदीवर पडला, तर त्याखाली सौम्य शब्दांत खुलासा करावा आणि तो काढण्याची विनंती नोंदवावी.

खऱ्या तक्रारीची गोष्ट निराळी. शोधयंत्र ही केवळ सूची आहे. सूचीतून नोंद गेली तरी मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निर्णयानुसार मध्यस्थाने मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशानंतरच येते. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलेला नोंद वगळण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, पेढीचा नव्हे. विकत घेतलेल्या स्तुतीने तक्रार खाली ढकलण्याचा मार्ग पुष्कळ दलाल सुचवितात. परंतु अभिप्रायांविषयीचे भारतीय मानक, आय. एस. १९००० : २०२२, अशा अभिप्रायांना थारा देत नाही. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण झाली नाही असे शेतकऱ्याने लिहिले असेल, तर त्याखाली पेढीने काय भरपाई केली हे तारखेसह लिहिणे, हेच पुढील गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडणारे उत्तर होय.