गड आणि गाव : लेखांक सातवा
माहूर : सरहद्दीवरची ठेव

गेल्या लेखांकी आपण कंधारच्या खंदकाकाठी होतो. आज किनवटहून निघून, सागाच्या रानातून सुमारे ५० किलोमीटरांची वाट चालून, माहूरला आलो आहोत. माहूर म्हटले की रेणुकेचे दर्शन, दत्तशिखराची चढण आणि अनसूयेचे स्थान एवढेच बहुतेकांच्या मनात उभे राहते. परंतु ज्या डोंगरांवर ही देवस्थाने वसली, त्यांच्याच शेजारी रामगडाचा कोट, हत्ती दरवाजा आणि इंजाळे तलाव अंगावर झाडोरा वागवीत पडून आहेत, हे देवदर्शन आटोपून एस.टी.च्या थांब्याकडे वळणाऱ्याच्या गावीही नसते.

किल्ल्याची जागा डोंगराच्या उंचीपेक्षा मुलुखाची हद्द ठरवते. पैनगंगेने तीन बाजूंनी वेढलेल्या या स्थळाच्या उत्तरेस वऱ्हाड आणि दक्षिणेस तेलंगणाची वाट असल्यामुळे, गोंडांपासून बहामनींपर्यंत आणि इमादशाहीपासून मोगलांपर्यंत प्रत्येक सत्तेला हा गड आपल्या हाती असावा असे वाटले. अकबराच्या काळच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याखाली माहूर हे एक ‘सरकार’ म्हणून नोंदलेले आढळते; सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा समुदाय, आणि त्याचे मुख्य ठाणे म्हणजे शिबंदी व वसुलाचे दप्तर एकत्र नांदण्याची जागा.

अशा ठाण्याचा विश्वास केवढा असे, याचा दाखला १६२३ चा आहे. बापाविरुद्ध, म्हणजे जहांगीर बादशहाविरुद्ध, बंड करून दक्षिणेकडे हटलेला शहाजादा खुर्रम गोवळकोंड्याच्या वाटेला लागला, तेव्हा आपले हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात जहागीरदार उदारामाच्या हवाली केले. हाच खुर्रम पुढे शाहजहान या नावाने तख्तावर बसला. याच उदाराम घराण्यातील सावित्रीबाई, औरंगजेबाने गौरविलेली ‘रायबागन’, १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेबरोबर होती; आणि शिवरायांनी कोंडीत धरलेल्या त्या खानाला शरण जाऊन वाट मागण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला, असे इतिहास सांगतो.

पुढे राज्ये बदलली, दप्तरे हलली. निजामी अमलात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. जेथे एके काळी परगण्यांचा हिशेब होई, ते माहूर तालुक्याच्या कागदांतले एक गाव होऊन राहिले. कालांतराने त्याचा निराळा तालुका झाला. पैनगंगा मात्र आजही मराठवाडा आणि विदर्भ यांमधली हद्द आहे. फरक इतकाच, की त्या हद्दीवर आता पहारा लागत नाही, आणि पहारा लागत नाही म्हणून किल्लाही लागत नाही.

शहाजाद्याची ठेव सांभाळणारा हा गड आता स्वतःच आपल्याकडे ठेव म्हणून आहे. नवरात्रात रेणुकेची ओटी भरून उतरणाऱ्या वाचकाने परतीच्या गाडीपूर्वीचा एक तास या तटासाठी राखून ठेवावा, एवढीच विनंती. पुढील लेखांकी उदगीर.