फोकाचं डालगं, कळकाचं सूप

अकलूजच्या बाजारात रंगीत प्लॅस्टिकच्या टबांच्या चळती लांबूनच दिसतात. सूप-टोपल्यांचं दुकान मात्र शोधावं लागतं. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक पोतं, त्यावर मांडलेला माल आणि गिऱ्हाईक येईपर्यंत रिकाम्या न बसणाऱ्या मावशींचे हात. त्या पोत्यावरच्या प्रत्येक वस्तूला स्वतःचं नाव आहे. तांदूळ धुवायची ती रोवळी, धान्य पाखडायचं ते सूप, भाकरी ठेवायची ती दुरडी, शेणमाती वाहायची ती पाटी, कोंबड्या झाकायचं ते डालगं. कामागणिक वेगळा आकार, वेगळी वीण आणि वेगळा शब्द. आपल्या घरातून यांतली एखादी वस्तू गेली की पाठोपाठ तो शब्दही जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या माळशिरस भागात हे विणकाम मुख्यतः दोन समाजांनी सांभाळलं. कळकाचं, म्हणजे बांबूचं काम बुरडांचं; फोकांचं, म्हणजे लवचीक डहाळ्यांचं काम कैकाड्यांचं.

बुरडांची परंपरा जुनी आणि मानाची आहे. बाराव्या शतकात कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) बसवेश्वरांभोवती जे शरण, म्हणजे शिवभक्त जमले, त्यांत मेदार केतय्या हे टोपल्या विणणारे होते. बुरूड समाज आजही त्यांना आपला संत मानतो. आपलं काम हीच उपासना, असं मानणाऱ्या मंडळींत त्यांना बरोबरीचं स्थान होतं.

कळकाचं काम एकदा जवळ बसून पाहावं. कळक पेरं बघून कापतात, मग कोयत्यानं उभा चिरतात. सुरुवातीचा घाव नीट बसला की कोयता नुसता पिळायचा, कळक आपल्या रेषेत फाटत जातो. मग त्याच्या कामट्या आणि कामट्यांच्या पातळ पट्ट्या निघतात. बाहेरची हिरवी साल चिवट, आतला पांढरा गाभा ठिसूळ. किडा लागतो तो आधी गाभ्याला, कारण त्याचं खाद्य तिथं असतं. म्हणून टोपली घेताना ती उलटी करून बघावी. काठ सालीच्या पट्टीनं बांधलेला असेल, तर ती टोपली बरीच वर्षं साथ देते.

विणीतही गणित आहे. एकाच पट्टीनं गोल विणत जायचं असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम लागते. ती सम झाली तर दुसऱ्या फेरीतही पट्टी त्याच काड्यांवरून आणि त्याच काड्यांखालून जाते, आणि वीण धरतच नाही. विषम असली की प्रत्येक फेरीत वरची काडी खाली आणि खालची वर होते. शाळेची पायरी न चढलेल्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सुपाचं तर विचारूच नका. तीन बाजूंना काठ, चौथी उघडी. विणीला खरखर असते म्हणून झटका दिला की दाणा धरून राहतो आणि कोंडा पुढच्या कडेनं उडून जातो. स्टीलच्या ताटात पाखडून बघा, दाणाही घसरत जातो. कागद आणि मेथी भिजवून, वाटून सूप लिंपायची आपल्याकडची रीत आहे. त्यानं भोकं बुजतात आणि सुपाचं आयुष्य वाढतं.

कैकाड्यांची गोष्ट जास्त कष्टाची आहे. ओढ्याकाठची निरगुडी, माळावरचा तरवड यांचे फोक तोडून आणायचे आणि ओले असतानाच विणायचे. त्यातून डालगी, पाट्या आणि धान्याच्या कणग्या व्हायच्या. कणगीला आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलं की वर्षाची ज्वारी त्यात राहायची. बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरायचं, आणि मोल म्हणून मिळायची भाकरी किंवा पसाभर धान्य. इंग्रजांनी या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. सोलापूरला अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहतही होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं पुसला गेला. शेजारच्या फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांनी हे जगणं ‘उपरा’मध्ये लिहिलं. पुस्तक 1980 चं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण पुस्तकाचं कौतुक केलं. डालग्याचा भाव मात्र पाडूनच मागत राहिलो.

दरम्यान माळशिरस तालुका बदलला. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. त्यातून घरं सुधारली, हे खरंच आहे. पण बांध आणि ओढ्यांचे काठ नांगराखाली गेले आणि फोक मिळणं अवघड झालं. धान्य कणगीतून पोत्यात आणि पत्र्याच्या कोठीत गेलं, भाजी आणि फळं करंड्यांतून क्रेटमध्ये गेली.

तरी काही ठिकाणी टोपलीला अजून पर्याय नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या हातात कवड्यांनी सजलेली परडी असते, ती विणलेलीच लागते. गौरीच्या वाणाला सूप लागतं. तुकोबांची पालखी नीरा ओलांडून आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरते, अकलूजला माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. त्या सोहळ्यात फुलं, प्रसाद आणि पंगतीच्या भाकऱ्या दुरड्यांतून फिरल्या, तर एका मुक्कामात किती हातांना काम मिळेल!

राज्यात 23 मार्च 2018 ला प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्याआधी काही महिने, 2017 मध्येच, वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. शेतकऱ्यानं बांधावर लावलेला कळक तोडायला आणि न्यायला आता परवान्याची ती जुनी अडचण राहिलेली नाही. कालव्याच्या पाण्यावर चार बेटं सहज वाढतील आणि बुरडाला कच्चा माल घाटाखालून आणावा लागणार नाही. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं नाव जगात घेतलं जातं. डालगं विणणाऱ्या हातांना निदान आपल्या तालुक्यात तरी नाव असावं.

आणि या वस्तू दिवाणखान्यात शोभेला टांगण्यासाठी नकोत, कामाला हव्यात. सूप पाखडायला आणि टोपली बाजाराला न्यायला घ्या, झिजली की नवी घ्या. वस्तू रोज वापरात असेल तरच ती विणणारी पुढची पिढी तयार होईल.

येत्या गौरीला बाजारात जाल तेव्हा दोन सुपं घ्या, एक वाणाला आणि एक पाखडायला. उलटी करून काठ बघा, वीण बघा, आणि मावशी सांगतील ती किंमत घासाघीस न करता त्यांच्या हातावर ठेवा.