किरणोत्सर्ग आणि पुढाऱ्यांची भाषा

‘डर्टी बॉम्ब’ हा शब्द अधूनमधून बातम्यांत येतो आणि अनेकांना लगेच हिरोशिमा आठवते. वास्तविक हा अणुबॉम्ब नव्हे. साधी स्फोटके आणि त्यांच्यासोबत ठेवलेला किरणोत्सर्गी पदार्थ, एवढाच हा प्रकार. माणसे दगावतात ती मुख्यतः स्फोटाने. उडालेली धूळ आसपासचा परिसर दूषित करते. पण सर्वांत दूर पोचते ती घबराट. ती वाढणार की आटोक्यात राहणार, हे सत्तेवरची माणसे काय बोलतात यावर बरेच अवलंबून असते.

बोलण्यात दोन प्रकारे घोटाळा होतो. पहिला, भीती वाढवण्याचा. १० जून २००२ रोजी अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी मॉस्कोहून टीव्हीवर जाहीर केले की, डर्टी बॉम्बचा कट उधळला आहे आणि अशा बॉम्बने मोठी प्राणहानी होऊ शकते. संशयित तर महिनाभर आधीच, ८ मे रोजी पकडला गेला होता. पुढे २००७ साली तो दोषी ठरला, तो अन्य आरोपांखाली. डर्टी बॉम्बचा आरोप त्या खटल्यात नव्हताच.

दुसरा प्रकार झाकून ठेवण्याचा. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारचे प्रिप्यात गाव रिकामे केले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. जगाला कळले ते २८ तारखेला, स्वीडनमधल्या यंत्रांनी हवेतला किरणोत्सर्ग पकडल्यावर. गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले १४ मे रोजी. तोवर मुले किरणोत्सर्गी आयोडीन मिसळलेले दूध पीत राहिली. हे आयोडीन गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठते. पुढील वीस वर्षांत, त्या वेळी लहान असलेल्यांपैकी पाच हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कॅन्सर झाला आणि त्याचा मोठा वाटा या दुधाचा होता. ‘काही आठवडे हे दूध देऊ नका’ असे वेळेवर सांगितले असते, तर त्यातली पुष्कळ मुले या आजारापासून वाचली असती.

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या वेळी सरकारचे प्रवक्ते युकिओ एदानो वारंवार सांगत, ‘आरोग्यावर तत्काळ परिणाम होणार नाही.’ वाक्य खोटे नव्हते. पण आईने ऐकले ते ‘तत्काळ’ एवढेच. मग दहा वर्षांनी काय? याउलट २३ मार्चला टोकियोच्या नळाच्या पाण्याबद्दल आकडा दिला गेला: लिटरमागे २१० बेकेरेल आयोडीन, तान्ह्या मुलांसाठी मर्यादा १००, मोठ्यांसाठी ३००. म्हणून बाळाचे दूध या पाण्यात कालवू नका, मोठ्यांनी पिण्यास हरकत नाही. दुकानांतील बाटल्या तरीही संपल्या. पण काय करायचे ते प्रत्येक आईला कळले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर इशिहारा यांनी कॅमेऱ्यासमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवले. प्रश्न तान्ह्या बाळाचा होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पाणी पिऊन काय सिद्ध होते?

वाचकहो, ‘ताप आहे’ एवढ्याने डॉक्टरचे भागत नाही, थर्मामीटर लावावा लागतो. इथेही तसेच. छातीच्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दहाच्या आसपास. उलट्या, अशक्तपणा असा किरणोत्सर्गाचा आजार दिसू लागतो तो साधारण हजार मिलिसिव्हर्ट एकदम मिळाल्यावर. म्हणून नुसते ‘किरणोत्सर्ग आढळला’ या वाक्याला अर्थ नाही. ‘काळजीचे कारण नाही’ यालाही नाही.

हा विषय परदेशातलाच आहे असे समजू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एकाचा मृत्यू झाला. तिथे बॉम्बही नव्हता.

तेव्हा कोणी पुढारी या विषयावर बोलू लागला, तर चार गोष्टी शोधा: किती, कुठे, कोणाला धोका आणि आपण काय करायचे. पाचवी, पुन्हा माहिती केव्हा देणार. उत्तरे नसतील, तर ते भाषण झाले, माहिती नव्हे.

आणि प्रसंग आलाच तर:

* पक्क्या घरात जा, दारे-खिडक्या व पंखे बंद करा.
* बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधून दूर ठेवा. अंगावरची बहुतेक धूळ एवढ्यानेच जाते. मग साबण लावून अंघोळ करा, कातडी खरवडू नका.
* उघड्यावरचे अन्न, पाणी घेऊ नका. रेडिओ ऐका.
* आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइडचे रक्षण करतात. सीझियम, कोबाल्टवर त्यांचा उपयोग नाही. २०११ मध्ये चीनमध्ये अफवेपोटी लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची पोतीच्या पोती घरात भरली. त्या मिठाने संरक्षण काही मिळत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.