फोटोतल्या माणसाने काय ठरवले होते?

आवडत्या नटीचा फोटो शिंप्यापुढे ठेवून ‘अगदी अस्साच गळा हवा’ म्हणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि शिवून आलेला ब्लाउज पाहून हिरमुसण्याचीही. दोष बहुधा शिंप्याच्या माथी जातो. खरे तर फोटोतून कपडा उचलता येत नाही. उचलता येते ती निवड. समोरच्या व्यक्तीने आपला बांधा, आपले काम, आपला काळ आणि आपली ऐपत ओळखून काय घेतले आणि काय टाळले, हे फोटोत वाचता आले तर त्यातून स्वतःची ढब घडते. ते वाचता आले नाही, तर दुसऱ्याचा कपडा अंगावर लटकत राहतो. हे म्हणणे पडताळायला पॅरिसला जायला नको. त्र्यंबकेश्वर, येवला आणि नाशिक शहर एवढ्या टापूत त्याचे भक्कम पुरावे सापडतात.

पहिला पुरावा दादासाहेब फाळक्यांचा. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता आणि लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्याच्या कामातही त्यांचा हात होता. (रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीने किती घरांतल्या पदरांना वळण लावले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळेना, म्हणून तारामती झाला तो अण्णा साळुंके हा तरुण. त्यानंतर फाळक्यांचा चित्रपटांचा कारखाना नाशिकला आला, आणि पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. देह एकच, त्याचा राम करायचा की सीता, हे ठरवणार नेसण, केस, मान आणि चाल. शैली जन्मजात असते, ‘काहींना ती असतेच’, असे आपण सहज बोलून जातो. पण पडद्यावरचे ते एकाच माणसाचे जोडपे सांगते की शैली रचावी लागते, आणि जे रचता येते ते शिकताही येते.

त्या काळच्या फोटोंची आणखी एक खूण लक्षात घ्यायला हवी. तेव्हाच्या प्लेटांना आणि फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे; लाल लुगडे काळे उमटे आणि निळे फिकट पडे. म्हणून आजीच्या किंवा पणजीच्या फोटोवरून तिच्या लुगड्याचा रंग सांगण्याच्या भानगडीत पडू नये. पण याच उणिवेने पाहणाऱ्याला एक शिस्त लावली. रंग हाती लागत नसल्यामुळे नजर काठाच्या रुंदीवर, निऱ्यांच्या पडण्यावर आणि पदर कुठे संपतो यावर स्थिरावते. कृष्णधवल फोटो आजही शैलीचे उत्तम पाठ्यपुस्तक ठरतात, ते जुनेपणाच्या मोहामुळे नव्हे, तर त्यांत रंगाची लालूच नसते म्हणून.

बालगंधर्वांचे फोटो असेच पाहायला हवेत. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष रंगभूमीवर १९११ साली ‘मानापमान’ची भामिनी झाला, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी झाला, आणि मराठी घरांतल्या बायका त्याच्यासारखे नेसू लागल्या, केस बांधू लागल्या, दागिने घालू लागल्या. पुरुषाने स्त्रियांना पाहून उचललेले स्त्रियांनी त्याच्याकडून परत घेतले. त्यांच्या फोटोंत पदर आणि अलंकार यांची मांडणी पाहा: रुंद खांदे आणि पुरुषी गळा यांच्यावरून नजर चेहऱ्याकडे आणि हातांकडे जावी, असाच सगळा बेत दिसतो. म्हणजे ती नेसण मुळात एका शरीराच्या अडचणीवर काढलेला तोडगा होती. ज्या स्त्रियांना ती अडचणच नव्हती, त्यांनाही ती शोभली, कारण नजर कुठे न्यायची हे ठरवण्याचे तंत्र कोणत्याही बांध्याला लागू पडते. यावर रास्त आक्षेप असा, की भरजरी शालू आणि अस्सल अत्तरे परवडणाऱ्या घरांचीच ही हौस होती, आणि त्या थाटाने खुद्द बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला कर्जात लोटले. हे खरे आहे. पण कर्ज झाले ते जरीमुळे आणि अत्तरामुळे. पदर वळवण्याच्या पद्धतीला पैसे पडत नव्हते, आणि टिकली तीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. पेहरावाची चर्चा ही रिकामटेकड्यांची चैन, तिच्यावर दिवाळी अंकाची पाने का खर्चावीत? याचे उत्तर नाशिक जिल्ह्याने विसाव्या शतकातच दिले आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. या साऱ्या काळातले बाबासाहेबांचे फोटो पाहिले की कोट, टाय आणि कडक कॉलर ठळकपणे डोळ्यांत भरतात. ज्या समाजाने अस्पृश्यांना चांगले कापड आणि दागिने वापरायला ठिकठिकाणी बंदी घातली होती, त्या समाजापुढे तो सूट हे उघड विधान होते. शिवाय बाबासाहेबांनी ही जाणीव स्वतःपुरती ठेवली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की जातीची ओळख पटवणारी लुगड्याची नेसण आणि गळ्या-हातांतले जड दागिने सोडून द्या. त्याप्रमाणे नेसण बदलून स्त्रिया तिथून परतल्याच्या नोंदी आहेत. पायघोळ लुगडे नेसणे ही त्या दिवशी नक्कल नव्हती. वरच्या जातींची नेसण त्यांच्यासारखे दिसण्याच्या हौसेने उचललेली नव्हती. तिच्यावर कुणाची मक्तेदारी नाही, हे ठरवून ती घेतली होती.

या सुटाबद्दलची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्याचा रंग. बाबासाहेबांचे बहुतेक प्रसिद्ध फोटो कृष्णधवल आहेत. त्यांत निळा रंग कुठेच नाही. चौकाचौकांतल्या पुतळ्यांना आणि भिंतीवरच्या तसबिरींना तो निळा दिला तो लोकांनी, आपल्या झेंड्याचा. खिशातले पेन आणि हातातले संविधानही लोकांनी तसेच ठळक केले. म्हणजे अनुयायांनी फोटो नुसता गिरवला नाही. त्यातला निश्चय ओळखून त्यांनी त्यात स्वतःचे काही घातले. आदर्श व्यक्तीकडून शैली घेण्याचा याहून खोल नमुना मला दुसरीकडे दिसत नाही. याउलट गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला उरलेले कपडेही उतरवले आणि पंचा जवळ केला. एकाने अंगावर चढवले, दुसऱ्याने उतरवले, आणि दोघेही आपापल्या जागी अचूक होते. यातला योग्य पोशाख कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाच्या वतीने आणि कोणासमोर उभे राहायचे आहे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आता फॅशन फोटोग्राफीवरचा नेहमीचा आरोप: ती बनावट असते. दिवे, रंगभूषा, मागून टाचण्या लावून घट्ट केलेले कपडे, वर संगणकावरची सफाई. असल्या चित्रातून सामान्य माणसाने घ्यायचे काय? माझे उत्तर असे, की तिथे प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवून ठेवलेली असते म्हणूनच ती वाचता येते. रसायनशास्त्र शिकून लिंटास या जाहिरात संस्थेत काम केलेल्या गौतम राजाध्यक्षांची व्यक्तिचित्रे पाहा. वस्त्र कितीही मोलाचे असो, प्रकाश आधी चेहऱ्याला मिळतो आणि बाकीचे त्याच्या सेवेला राहते. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९५३ मध्ये ‘सॅब्रिना’ चित्रपटाच्या कपड्यांसाठी जीवाँशी या वस्त्ररचनाकाराकडे गेली, त्यानंतर तिचा आडवा गळा जगभर पसरला, आपले शिंपी आजही तो ‘बोट नेक’ म्हणून शिवतात. किडकिडीत अंगाच्या, गळ्याची हाडे दिसणाऱ्या मुलीला तो साजला. भरल्या अंगाच्या स्त्रीने तिच्याकडून घ्यायचा तो गळा नव्हे, आपल्या अंगाकडे न लाजता पाहण्याचा धीर. स्मिता पाटीलबद्दल नेहमी सांगितले जाते की मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसे. लोक हे बंडखोरीचा किस्सा म्हणून सांगतात; मला त्यात चौकटीची अचूक जाण दिसते. कॅमेरा कुठपर्यंत पाहतो हे तिला माहीत होते, आणि तेवढ्या जागेत काय दिसावे हे तिने ठरवले होते. तिची साधी सुती साडी त्या काळच्या नोकरदार मुलींनी आपलीशी केली, कारण ती नेसून बसही पकडता येत होती.

फोनच्या पडद्यावर दर मिनिटाला नवी वेशभूषा सरकत असताना एका फोटोपाशी थांबायचे कशाला, असेही विचारले जाते. याचे उत्तर येवल्याच्या मागावर आहे. विजेत्या गृहिणीला पैठणी देणारा ‘होम मिनिस्टर’ हा टीव्ही कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि पैठणी घरोघरी इच्छेच्या यादीत वर गेली. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मागणी वाढली, हे चांगलेच झाले. पण ज्यांना फक्त पडद्यावरचे ‘दिसणे’ हवे होते, त्यांची मागणी यंत्रावर विणलेल्या सेमी पैठणीने भागवली. हातमागावरच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून हाताने गुंफतात, त्यामुळे मोर आणि मुनिया उलट बाजूनेही तशाच उमटतात. हे सरकत्या चित्रात दिसत नाही. ते थांबून, पदर उलटून पाहणाऱ्यालाच दिसते. ऐपत कमी असेल तर सेमी पैठणी नेसण्यात कमीपणा काहीच नाही, ती कळून घेतली म्हणजे झाले. फसगत होते ती न कळता घेणाऱ्यांची, आणि तिची किंमत विणकर मोजतो.

येत्या लग्नसराईत येवल्याला गेलात तर फोनमधला फोटो जरूर न्या, पण ‘हीच द्या’ म्हणू नका. त्यातला काठ आवडला, रंगांची जोडी आवडली की नेसणारीचे ताठ उभे राहणे आवडले, हे घरूनच ठरवून जा. पदर उलटा करून पाहा, आणि आपल्या उंचीला किती रुंद काठ शोभेल हे मागावर बसलेल्या माणसाला विचारा.