टरफले पडण्याआधी

प्राथमिक शाळेतला वर्ग कामाला लागतो की उधळतो, याचा निकाल शिक्षेचा प्रसंग येण्याच्या बराच आधी लागलेला असतो. वसईच्या शाळेत नोव्हेंबर २०२५ मध्ये उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला दप्तरासकट उठाबशा काढायला लावल्याची आणि पुढे काही दिवसांत तिचा मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यानंतर शिक्षा, गुन्हा आणि कारवाई यांवर पुष्कळ बोलले गेले. ते आवश्यकच होते. मात्र शिक्षकांच्या खोलीत विचारला जाणारा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. छडी नको, उठाबशा नकोत, अंगठे धरायला लावणे नको. मग सात-आठ वर्षांची पंचवीस मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामात ठेवायची कशी?

कायद्याकडे या प्रश्नाचे उत्तर अर्धेच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. वर्गासमोर केलेला पाणउतारा, जातीवरून वा घरच्या परिस्थितीवरून मारलेले टोमणेही त्यात येतात. केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल-अत्याचारविषयक पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. तेव्हा हे कलम कागदावर येणे ही मोठीच गोष्ट होती. पण कलम हात उगारू नका एवढेच सांगते. त्या हाताने दुसरे काय करायचे, हे शिकवण्याचे काम प्रशिक्षणाचे आहे, आणि तिथे ‘मुलांशी प्रेमाने वागा’ या उपदेशापुढे गाडी क्वचितच जाते.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. महाविद्यालयात शिकवताना त्यांनी वर्गात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला दटावले, आणि त्यांच्या लक्षात आले की ज्यांना काहीच बोलले नव्हते ते विद्यार्थीही सावरून बसले. एकाला दटावल्याचा परिणाम इतरांवर कसा होतो, हे शोधण्यात त्यांची पुढची अनेक वर्षे गेली. रागावून दटावले तर काय होते, समजावून सांगितले तर काय होते, कडक शब्दांचा परिणाम जास्त की सौम्य शब्दांचा, असे सगळे तपासून झाले. अखेर प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून ते बारकाईने पाहिले तेव्हा हाती आले ते अगदी अनपेक्षित होते. ज्यांचे वर्ग शांतपणे चालतात ते शिक्षक आणि ज्यांचे वर्ग सतत बिघडतात ते शिक्षक यांच्या दटावण्याच्या पद्धतीत सांगण्यासारखा फरकच नव्हता. फरक होता तो मुलांनी खोडी काढण्याआधीच्या क्षणांत. १९७० च्या पुस्तकात कूनिन यांनी हा निष्कर्ष मांडला. अर्धशतक उलटून गेले तरी वर्ग-व्यवस्थापनाचा कोणताही गंभीर विचार त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

कूनिन यांच्या मते चांगल्या शिक्षकाचा पहिला गुण म्हणजे वर्गाचे भान. फळ्यावर लिहिताना मागच्या रांगेत काय चालले आहे ते त्याला कळते, आणि मुख्य म्हणजे त्याला कळते हे मुलांना ठाऊक असते. हे भान सुटले की दोन प्रकारच्या चुका होतात. पहिलीत चुकीचे मूल पकडले जाते: चिमटा काढणारा सुटतो आणि ओरडणारी सापडते. दुसरीत योग्य मूल पकडले जाते, पण उशिरा. तोवर कुजबुजीचे भांडण आणि भांडणाची मारामारी झालेली असते. दोन्ही चुकांतून वर्ग एकच धडा घेतो: बाईंना दिसत नाही.

दुसरा गुण म्हणजे धड्याचा ओघ न तुटू देणे. गणित चालू असताना मध्येच थांबून ‘काल कोण गैरहजर होते रे?’ असे विचारणे, एका मुलाच्या चुकीवर दहा मिनिटे प्रवचन देणे, तीस मुलांना एकेक करून वह्या न्यायला टेबलापाशी बोलावणे, या सगळ्यांत उरलेली मुले रिकामी राहतात. मुलांची बेशिस्त म्हणून ज्याची तक्रार होते, त्यातला मोठा भाग या रिकाम्या मिनिटांत जन्माला येतो.

रत्नागिरीला या विषयाची एक जुनी गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. टिळक आळीतल्या घरात १८५६ मध्ये लोकमान्यांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली होईपर्यंतचे टिळकांचे बालपण याच गावातले. त्यांच्या नावाने सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट बाणेदारपणाचा नमुना म्हणून भाषणात येते, आणि लहानग्यांच्या वक्तृत्व स्पर्धा तिच्यावरच चालतात. तीच गोष्ट शिक्षकाच्या टेबलाजवळून पाहिली तर वेगळी दिसते. मुलांनी वर्गात शेंगा फोडल्या, खाल्ल्या, टरफले जमिनीवर टाकली, आणि एवढे सगळे होईपर्यंत गुरुजींना पत्ता नव्हता. टरफले दिसल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला शिक्षा केली. कूनिन यांच्या दोन्ही चुका इथे एकत्र आहेत: उशीर झाला, आणि निरपराध मूल पकडले गेले. न खाल्लेल्या शेंगांची शिक्षा घ्यायला बाळ गंगाधराने दिलेला नकार थोर होता यात शंका नाही. पण असा नकार देण्याची पाळी एका मुलावर यावी, हे त्या वर्गाच्या व्यवस्थेचे अपयश होते.

सामूहिक शिक्षा आजही शाळांतून गेलेली नाही. ‘कोणी केले ते सांगत नाही तोवर सगळे उभे राहा’ हे वाक्य अजून ऐकू येते. कायद्याने ती मारहाणीत बसत नाही म्हणून अनेकांना ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ती प्रामाणिक मुलाला सांगते की नीट वागून काही फरक पडत नाही. तिचीच धाकटी बहीण म्हणजे मॉनिटरने फळ्यावर लिहायची ‘बोलणाऱ्यांची नावे’. तिथे शिक्षकाने ठेवायचे भान नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती जाते, आणि यादीत मैत्री, भांडण व बदला यांचे हिशेब उतरतात. ही प्रथा जितक्या लवकर बंद होईल तितके बरे.

समूहाला धरून चालणारी प्रत्येक पद्धत मात्र टाकाऊ नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत एका चौथीच्या वर्गात ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ प्रथम वापरला गेला. वर्गाचे गट पाडायचे, दोन-तीन नियम आधी सांगायचे, ठरलेल्या वेळात कोणत्या गटाकडून किती वेळा नियम मोडला ते फळ्यावर मांडायचे, आणि मर्यादेत राहिलेल्या सगळ्या गटांना बक्षीस द्यायचे. बक्षीस म्हणजे थोडा जादा खेळ किंवा आवडीचे काम. पुढे बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेऊन त्या मुलांचा तारुण्यापर्यंत मागोवा घेतला गेला, आणि लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनांचे प्रमाण कमी आढळले. इथे नियम आधी सांगितलेला असतो, खेळ थोड्या वेळापुरता असतो आणि सगळेच गट जिंकू शकतात. खेळाची अट तीच जुनी आहे: शिक्षकाला नेमके दिसले पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यात हे दिसणे आणखी अवघड आहे, कारण इथल्या वाडीवाडीच्या शाळा लहान आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीपर्यंत साठ पटसंख्येला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे मंडणगड, संगमेश्वर वा राजापूरच्या डोंगरवाडीतल्या शाळेत एका शिक्षकापुढे एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पंधराच तर मुले आहेत. पण पहिलीला अक्षर गिरवून घेताना तिसरी मोकळी असते, तिसरीला भागाकार सांगताना पहिली. कमी पटाच्या शाळेत बेशिस्तीचे मूळ गर्दीत नसून या आळीपाळीच्या रिकामपणात आहे.

त्यावरचा उपाय वर्ग भरण्याआधी सुरू होतो. परिपाठ संपवून मुले आत येतील तेव्हा प्रत्येक इयत्तेचे पहिले काम फळ्याच्या आपापल्या भागावर लिहिलेले हवे. ते झाल्यावर काय करायचे तेही लिहिलेले हवे, कारण ‘बाई, माझं झालं’ या वाक्यानंतरची दोन मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. मोठ्यांनी धाकट्यांना वाचून दाखवणे ही बहुवर्गाची खरी श्रीमंती आहे. मात्र ते काम रोज एकाच हुशार मुलीवर पडता कामा नये. चपला कशा लावायच्या, पाणी प्यायला कधी उठायचे, खिचडीच्या रांगेत ताट घेऊन कुठून यायचे, या गोष्टी जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत शिकवाव्या लागतात, अगदी पाढ्यांसारख्या म्हणवून आणि करून घेऊन. हा वेळ वाया गेला असे ज्यांना वाटते, त्यांचा पुढे वर्षभर त्याहून जास्त वेळ जातो.

कोकणातल्या पावसाचाही इथे संबंध आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पत्र्याच्या छपरावर सर सुरू झाली की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. आवाज चढवला की मुलेही चढवतात. म्हणून टाळीचा ठरलेला ठेका, वर केलेला हात, फळ्यावरची खूण अशा न बोलता कळणाऱ्या इशाऱ्यांची सवय पहिल्या आठवड्यापासून लावलेली बरी. मैदानात चिखल असल्याने मधल्या सुट्टीतही मुले व्हरांड्यात अडकतात. त्यांची धावण्याची गरज मात्र कमी झालेली नसते. दर अर्ध्या तासाने अभिनयगीत किंवा उभे राहून करायचा पाढा घेणारा शिक्षक वेळ घालवत नाही, पुढचा तास वाचवतो.

काही बेशिस्त तर केवळ ऐकणाऱ्याच्या कानात असते. घरी संगमेश्वरी किंवा दालदी बोलणारे मूल शिक्षकाला सरळ ‘तू’ म्हणून जाते. घरात आजीलाही ते तसेच म्हणते. त्यात उर्मटपणा नसतो. पुस्तकातले मराठी अंगवळणी पडेपर्यंत काही मुले गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याला हट्टीपणाचे नाव मिळते.

शिक्षकाची नजर वर्गावरून हटवणारे सर्वांत मोठे कारण आता त्याच्या हातात असते. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची माहिती, ‘सरल’वरील दुरुस्त्या आणि आजच्या आज मागवलेली छायाचित्रे हे सगळे मोबाइलवर, शाळेच्या वेळेत, वर्ग समोर असताना चालते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. माहिती भरण्याचे काम शाळेचेच म्हणून त्यातून निसटते. वर्तनाविषयी शिक्षकांना जाब विचारणाऱ्या व्यवस्थेने शाळेच्या वेळेत माहिती मागवणे थांबवले, तर कोणत्याही परिपत्रकापेक्षा जास्त फरक पडेल.

प्रेमाने शिस्त लावणारे शिक्षक म्हणून पहिले नाव येते साने गुरुजींचे, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. छडीची महती गाणारे, सर्वांना पाठ असलेले गाणे त्यांच्याच पुस्तकावरच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातले आहे, आणि त्यांची स्वतःची रीत नेमकी उलट होती. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांच्या पसरलेल्या खोल्या स्वतः आवरत, आणि मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. याकडे नुसती माया म्हणून पाहिले तर त्यातले कसब निसटते. ते दिवसभर मुलांच्यात असत. कोणाचे काय बिघडले आहे हे त्यांना कोणी येऊन सांगावे लागत नसणार.

गिजुभाई बधेका यांच्या १९३२ च्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप ऐकू लागतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि पुढे ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हाच विचार पुढे नेला. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणावर भरली. मुलाला बदलण्याआधी व्यवस्था बदलून पाहण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते.

एवढे करूनही एखादे मूल हाती लागत नाही. त्याच्याबाबत पहिली शंका डोळ्यांची आणि कानांची घ्यावी. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि खोडकर ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीला येतात, त्यांच्यापुढे ही शंका नावानिशी मांडता येते. दुसरी चौकशी घरची: आईवडील मुंबईला आणि मूल आजीजवळ, हे कोकणात अनेक घरांत असते. तिसरी शक्यता अतिचंचलतेसारख्या विकाराची. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावानेच पालक दचकतात. म्हणून बोलणे आधी वर्गातल्या नोंदींवरून सुरू करावे. कोणत्या तासाला, कोणत्या कामानंतर, कोण शेजारी असताना आणि किती वेळ हे मूल बिथरते, हे दोन आठवडे रोज लिहून ठेवले तर आईवडिलांनाही ते तक्रारीसारखे वाटत नाही आणि डॉक्टरांनाही त्यातून काही कळते.