ययाति

चिरयौवनाच्या मानवी लालसेवर आधारलेले महाभारतातील आख्यान व त्यावरील वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची मराठी कादंबरी (१९५९).

मूळ कथा आदिपर्वात येते. नहुषपुत्र ययाति हा शुक्राचार्यांची कन्या देवयानी हिचा पती. वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा हिच्याशी त्याने गुप्तपणे संबंध ठेवल्यामुळे शुक्राचार्यांनी त्यास अकाली जरेचा शाप दिला. मात्र ती जरा दुसऱ्यास देऊन त्याचे तारुण्य घेण्याची मुभा ठेवली. यदू, तुर्वसू, द्रुह्यू व अनू या पुत्रांनी नकार दिला; धाकट्या पूरूने आपले तारुण्य दिले. सहस्र वर्षांच्या उपभोगानंतरही वासना शमत नाही, हे उमगून ययातीने ते परत केले व पूरूस राज्य दिले.

चिरयौवनावर पाश्चात्त्य देशांत अद्‌भुतरम्य बोलपटही निघाले. रायडर हॅगार्ड यांच्या कादंबरीवरील शी (१९३५) या बोलपटातील राणी अग्निज्वालेत स्नान करून शतकानुशतके तरुण राहते. त्याच ज्वालेत पुन्हा शिरताच ती वृद्ध होऊन मरण पावते. फ्रँक काप्रा यांच्या लॉस्ट होरायझन (१९३७) मध्ये शांग्रिला सोडताच एक तरुण स्त्री जराजर्जर होते. या कथांत शिक्षा भोगावी लागते ती तारुण्य टिकविणाऱ्यास. ययातीच्या कथेत मात्र पित्याच्या सुखाचे मोल पुत्र देतो. तिचा नैतिक पेच येथेच आहे.

खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोडे (ता. वेंगुर्ले, आता सिंधुदुर्ग जिल्हा) येथे शिक्षक होते. याच काळात त्यांनी मास्टर विनायक दिग्दर्शित छाया (१९३६) या बोलपटाची कथा लिहिली. तथापि ययातीचा विषय त्यांनी पुढे कादंबरीतून हाताळला. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून ती उलगडते. संयमी कच हा ययातीच्या भोगलोलुपतेस प्रतितोल म्हणून उभा केला आहे. त्यांचा ययाति हा अमर्याद उपभोगामागे धावणाऱ्या आधुनिक माणसाचा प्रतिनिधी होय. कादंबरीस साहित्य अकादमी पुरस्कार (१९६०) लाभला, तर खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत.

गिरीश कार्नाड यांच्या ययाति (१९६१) या कन्नड नाटकात पूरूची पत्नी चित्रलेखा आत्मघात करते. पित्याने घेतलेल्या तारुण्याची झळ सुनेपर्यंत पोहोचते, हे त्यातून दिसते. एका पिढीने आपल्या भोगासाठी पुढील पिढीचे आयुष्य वापरावे काय, हा प्रश्न या कथेने जागता ठेवला आहे.