अंकीय साधने व प्रजनन आरोग्यसेवा

लैंगिक व प्रजनन आरोग्याविषयीची माहिती, सल्ला, नोंदी आणि काही मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष उपचार भ्रमणध्वनी, संगणक व आंतरजाल यांच्या साहाय्याने पोहोचविण्याची पद्धती. गर्भवतीला ठराविक दिवशी येणारा ध्वनिसंदेश, परिचारिकेच्या नोंदवहीची जागा घेणारी टॅबलेट पाटी, ऋतुचक्राची नोंद ठेवणारी ॲपे, दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि सोनोग्राफी यंत्रांवर देखरेख ठेवणारी उपकरणे या सर्वांचा तीत समावेश होतो. आरोग्याच्या इतर शाखांतही अशी साधने वापरली जातात. तथापि या क्षेत्रात त्यांना वेगळे महत्त्व आहे. येथील प्रश्न बहुधा संकोचामुळे विचारलेच जात नाहीत. ज्या गोष्टी वैद्यासमोर बोलणे कठीण वाटते त्या यंत्रासमोर बोलता येतात. परंतु यंत्राजवळ बोललेले नोंदले जाते, आणि ती नोंद कोणाच्या हाती पडेल हे बोलणाऱ्याला माहीत नसते. या साधनांचे बहुतेक लाभ व धोके या एका परिस्थितीतून निर्माण झाले आहेत.

आरंभीचे प्रयोग : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आफ्रिकेतील देशांत दूरध्वनीच्या तारा फारशा पसरण्यापूर्वीच भ्रमणध्वनी खेडोपाडी पोहोचला. त्यामुळे या पद्धतीचे महत्त्वाचे आरंभीचे प्रयोग तेथे झाले. केन्यामध्ये एचआयव्हीबाधित ५३८ रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत निम्म्या रुग्णांना आठवड्यातून एकदा स्वाहिली भाषेत ‘मांबो?’ म्हणजे ‘कसे काय?’ एवढाच लघुसंदेश पाठविला जाई. ‘बरे आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असे उत्तर रुग्णाने दोन दिवसांत द्यावयाचे, आणि अडचण कळविणाऱ्याला परिचारिका दूरध्वनी करी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नियमित औषध घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळणाऱ्या गटात ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के होते. संदेशात औषधाचा उल्लेखही नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. तो दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडला तरी रुग्णाचे गुपित फुटत नसे. शिवाय, परिणाम संदेशाचा जितका, तितकाच त्यामागे बसलेल्या परिचारिकेचाही होता. पुढील अनेक योजनांत हा भाग खर्चाच्या कारणाने गाळला गेला.

झांझिबारमधील २४ आरोग्यकेंद्रांत २,५५० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत संदेशांबरोबर दाईशी बोलण्यासाठी दूरध्वनीचे अधिपत्रही दिले होते. प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून प्रसूती होण्याचे प्रमाण तेथे ४७ टक्क्यांच्या तुलनेत ६० टक्के आढळले. मात्र हा लाभ शहरी स्त्रियांपुरताच राहिला, ग्रामीण स्त्रियांपर्यंत तो पोहोचला नाही. दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘मॉमकनेक्ट’ ही योजना राष्ट्रीय पातळीवर सुरू केली. गर्भवतीची नोंदणी शासकीय दवाखान्यातच होते, संदेश देशातील विविध राजभाषांत मिळतात आणि साधा भ्रमणध्वनीही त्यासाठी पुरतो. पहिल्या तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक स्त्रियांची नोंदणी झाली. या योजनेचा विशेष म्हणजे तक्रारीची सोय होय. दवाखान्यात औषध संपले किंवा कर्मचाऱ्याने अपमान केला, तर स्त्री तसे कळवू शकते. संदेश वरून खाली येतात तसे खालून वरही जावेत, ही कल्पना अन्यत्र क्वचितच अंमलात आली आहे.

भारतातील योजना : गर्भवती व बालक यांची नावनिशीवार नोंद ठेवणारी संगणकीय माता-बाल अनुरेखन पद्धती केंद्र शासनाने २००९ मध्ये आरंभिली, पुढे तिची जागा प्रजनन व बाल आरोग्य संकेतस्थळाने घेतली. नोंद गावातील परिचारिकेने घ्यावी व ती संगणकात भरली जावी, अशी ही रचना आहे. व्यवहारात कागदी नोंदवह्या संपल्या नाहीत व संगणकाचे काम त्यांत मिळाले. गर्भवतीला तपासण्याचा वेळ रकाने भरण्यात जातो, ही आरोग्यसेविकांची जुनी तक्रार आहे व ती अवास्तव नाही.

या नोंदींच्या आधारे ‘किलकारी’ ही ध्वनिसंदेशांची सेवा चालते. तिचा आराखडा बिहारमध्ये तयार झाला. त्यापूर्वी तेथे आशा कार्यकर्तींसाठी ‘मोबाइल कुंजी’ हा चित्रांकित पत्त्यांचा संच काढण्यात आला होता. प्रत्येक पत्त्यावर एक क्रमांक असे. तो फिरविला की ‘डॉ. अनिता’ नावाच्या काल्पनिक वैद्येचा आवाज त्या विषयावर बोलू लागे. सासूसमोर सून जे विचारू शकत नाही आणि आशा कार्यकर्ती जे अधिकारवाणीने सांगू शकत नाही, ते हा अनोळखी आवाज सांगे. केंद्र शासनाने जानेवारी २०१६ मध्ये ‘किलकारी’ राष्ट्रीय योजना म्हणून स्वीकारली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे एकूण ७२ संदेश त्या स्त्रीच्या नोंदविलेल्या क्रमांकावर जातात. महाराष्ट्रात व गुजरातमध्ये ही सेवा २०२४ मध्ये सुरू झाली. मुंबईतील ‘आरमान’ या २००८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ‘एममित्र’ ही अशीच सेवा असून तीत संदेशाची वेळ स्त्रीने स्वतः निवडावयाची असते.

मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत ५,०९५ गर्भवतींवर ‘किलकारी’ची यादृच्छिक चाचणी घेण्यात आली. केवळ स्तनपान देण्याच्या प्रमाणात एकंदरीत फरक पडला नाही. तात्पुरत्या स्वरूपाच्या आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर मात्र काही प्रमाणात वाढला. हा निष्कर्ष अनपेक्षित असला तरी अनाकलनीय नाही. बाळाला काय पाजावे याविषयी घरात सांगणारी माणसे पुष्कळ असतात; पाळणा लांबविण्याची साधने कोणती, हे सांगणारे कोणी नसते. भारतात वर्षानुवर्षे कुटुंबनियोजनाचा भर स्त्रीनसबंदीवर राहिल्यामुळे अन्य साधनांची माहिती विशेष उणी आहे [→ कुटुंबनियोजन].

दूरध्वनी कोणाचा : वरील सर्व योजनांत स्त्रीजवळ स्वतःचा भ्रमणध्वनी आहे, हे गृहीत धरलेले असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी होता, आणि आंतरजाल कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. नोंदवहीत उतरलेला क्रमांक पुष्कळदा पतीचा किंवा दिराचा असतो. संदेश दुपारी येतो तेव्हा तो भ्रमणध्वनी शेतावर किंवा कारखान्यात असतो. तांबी बसविण्याविषयीचा किंवा गुप्तरोगाच्या तपासणीविषयीचा संदेश घरच्या माणसांनी ऐकला, तर सेवेऐवजी संशय वाट्यास येण्याचा संभव असतो. पतीलाही ऐकण्यास बोलवावे, असा उपाय काही योजनांनी सुचविला आहे. बाळंतपणाच्या बाबतीत तो उपयुक्त ठरतो, परंतु घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तोच धोकादायक होय.

दूरस्थ गर्भपातसेवा : मिफेप्रिस्टोन व मिझोप्रोस्टॉल या औषधांनी होणाऱ्या गर्भपातासाठी इंग्लंडमध्ये २०२० पर्यंत पहिली गोळी दवाखान्यातच घेणे बंधनकारक होते. करोना साथीत, ३० मार्च २०२० रोजी, दहा आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी दूरध्वनीवर सल्ला घेऊन दोन्ही औषधे घरी घेण्यास अनुमती मिळाली. या बदलापूर्वीच्या व नंतरच्या ५२,१४२ गर्भपातांच्या अभ्यासात सरासरी प्रतीक्षाकाल १०·७ दिवसांवरून ६·५ दिवसांवर आला. सहा आठवड्यांपर्यंतच होणाऱ्या गर्भपातांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले, आणि यशाच्या व सुरक्षिततेच्या बाबतीत उणेपणा आढळला नाही. २०२२ मध्ये ही व्यवस्था इंग्लंड व वेल्समध्ये कायम करण्यात आली. येथे तंत्रज्ञान अगदी साधे, म्हणजे दूरध्वनी व टपाल एवढेच होते. अडसर होता तो नियमाचा, आणि तो दूर होताच सेवा सुधारली. भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन कायद्याखाली गर्भपात नोंदणीकृत वैद्यानेच, नियमांतील अटी पाळून करावयाचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढविली व स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या वैद्यास शिक्षेची तरतूद केली [→ गर्भपात].

देखरेखीची साधने : गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण राज्यात २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर घसरले. या पार्श्वभूमीवर कोल्हापूर जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांस ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्याचा आणि तपासणीची माहिती संगणकावरून भरण्याचा आदेश काढला. क्ष-किरण तज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो या कारणावरून त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदेश ग्राह्य ठरविला. हेतूविषयी दुमत नसले, तरी साधनाविषयी आहे. लिंग सांगितले जाते ते शब्दाने किंवा खुणेने. पडद्यावरील प्रतिमेच्या नोंदीत ती खूण उमटत नाही. उलट प्रत्येक गर्भवती पाळतीखाली येते, आणि कायदेशीर गर्भपात इच्छिणारी स्त्री व तिचा वैद्य हे दोघेही कचरतात.

ऋतुचक्रनोंदीची ॲपे : पाळीच्या तारखा व शरीराचे तापमान यांवरून गर्भधारणेस अनुकूल दिवस ठरविणारे ‘नॅचरल सायकल्स’ हे स्वीडिश ॲप अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये गर्भनिरोधक म्हणून मान्य केले. त्याच वर्षी स्टॉकहोममधील एका रुग्णालयात गर्भपातासाठी आलेल्या ६६८ स्त्रियांपैकी ३७ या ॲपच्या वापरकर्त्या असल्याचे आढळून गदारोळ उडाला. चौकशीअंती अपयशाचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याइतकेच, म्हणजे नेहमीच्या वापरात सुमारे ७ टक्के, असल्याचा निर्वाळा मिळाला. साधन तेच, परंतु शंभरात सात ही संख्या जाहिरातीत व अनुभवात वेगवेगळी भासते.

याहून गंभीर प्रश्न नोंदींच्या मालकीचा आहे. ‘फ्लो’ या ॲपने आरोग्यविषयक माहिती जाहिरातव्यवसायातील कंपन्यांना पुरविल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०२१ मध्ये तडजोड केली. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर, पाळी चुकल्याची साधी नोंदही पुरावा ठरू शकेल या भीतीने अनेक स्त्रियांनी अशी ॲपे काढून टाकली. नेब्रास्का राज्यात आई व मुलगी यांच्यातील खाजगी संदेश पोलिसांनी न्यायालयीन आदेशाने मिळवून खटल्यात वापरले होते, हे लक्षात घेता ती भीती निराधार म्हणता येत नाही.

भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. किशोरवयीनांची अडचण मात्र निराळी आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा असून तो माहीत होणाऱ्यावर तक्रार करण्याचे बंधन आहे. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने सल्लासेवेस खरे वय सांगितल्यास सल्लागारापुढे पेच उभा राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गर्भपातासाठी आलेल्या अज्ञान मुलीची ओळख तिच्या व पालकांच्या विनंतीवरून वैद्याने तक्रारीत उघड करण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. परंतु दूरध्वनीवरील सल्लागाराच्या हाती मुलीचा क्रमांक आधीच आलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अंकीय साधनांविषयी काढलेल्या शिफारशींत ही साधने चालू आरोग्यव्यवस्थेस पूरक मानली आहेत, तिची जागा घेणारी नव्हेत. ‘दवाखान्यात जा’ असे सांगणारा संदेश ऐकून स्त्री निघाली आणि उपकेंद्राला कुलूप आढळले, तर पुढच्या आठवड्यातील संदेश ती बहुधा पुरता ऐकत नाही.